तुम्ही मूळच्या कुठल्या ओ?

परवा बचत गटाच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवत होते. नव्याने आलेली एक सदस्य मध्येच म्हणाली, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या ओ? बोलणं आपल्याकडचं वाटत न्हाई." मी काही बोलायच्या आतच बाकीच्या सुरू झाल्या. एक म्हणाली, "बेळगावकडच्या असतील." दुसरी म्हणाली, "छे, गोव्याच्या!" एकीने थेट नागपूर गाठलं. मी नेहमीप्रमाणे हसले आणि म्हटलं, "कोरेगावची गं बायांनो. इथून दीड तासावरची."

खरं होतं, पण अर्धंच.

माझे वडील सातारा जिल्ह्यातले. लष्करात कारकून होते. गोरखपूरला गोरखा सैनिकांच्या भरतीचा डेपो आहे, तिथे त्यांची बदली झाली. त्याच डेपोत गोरखा पलटणीतले एक निवृत्त हवालदार कामाला होते, त्यांची मुलगी म्हणजे माझी आई. नेपाळातल्या गोरखा जिल्ह्यातलं एक डोंगरातलं गाव तिचं माहेर. १९७७ साली हे लग्न कसं जमलं, ती एक वेगळीच कथा आहे, पुन्हा कधीतरी सांगेन. वीस वर्षांची आई कोरेगावच्या घरात आली तेव्हा आमच्या आजीने महिनाभर तिला 'परमुलखातली' एवढंच म्हटलं. नंतर शेजारणीला म्हणाली, "हिला ळ म्हणता येत न्हाई, पण भाकरी येती." आजीकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुणालाच मिळालेलं नाही!

आईला ळ म्हणता येत नाही, कारण नेपाळीत ळ नाहीच. 'ण' बोलण्यात जवळपास 'न'च होतो. 'श'चा 'स' होतो. म्हणजे 'शाळा' या शब्दाचं आईच्या तोंडून काय व्हायचं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. "पोरगी सालेत गेली" हे वाक्य आमच्या आळीत कित्येक वर्षं विनोद म्हणून फिरत होतं. शिवाय मराठीत च दोन आहेत. 'चारा'तला वेगळा आणि 'चार'मधला वेगळा. आपल्याला ते कुणी शिकवत नाही, लिहिताना तर दोन्ही सारखेच. नेपाळीत मात्र एकच, आपल्या 'चाका'तला. त्यामुळे आईचा चहा, चिमणी, चिंच सगळं त्याच एका च वर चालतं. गंमत अशी की लिपी दोन्ही भाषांची देवनागरीच. लग्न होऊन आली त्याच दिवशी आई एस.टी. स्टँडवरच्या पाट्या धडाधडा वाचत होती, असं वडील सांगायचे. वाचता सगळं यायचं, पण उच्चार ऐकून कंडक्टर वळून बघायचा.

मी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही वडिलांच्या नोकरीपायी छावण्यांमधून फिरलो. १९८६ला ते निवृत्त होऊन गावी आले आणि मी पहिलीत बसले. तोवर आई माझ्याशी थोडं नेपाळी, थोडं हिंदी आणि वडिलांकडून शिकलेलं मराठी असं बोलायची. शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. महिन्याभरात बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "घरात तुमच्या भाषेत बोलू नका. मुलीचं मराठी बिघडतंय." बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्या काळी सगळेच असं सांगायचे. आईने ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. त्या दिवसापासून तिचं नेपाळी फक्त दोघांसाठी उरलं. देव्हाऱ्यातला देव आणि गोठ्यातली म्हैस.

आता यातला घोटाळा बघा. आईला नेपाळी उत्तम येत होतं. गोष्टी, म्हणी, कोडी, शिव्यासुद्धा. तिचं मराठी मात्र तेव्हा मोडकंतोडकं. बाईंच्या सल्ल्याने मला तिची अख्खी भाषा मिळायची ती राहिली, आणि तिचं मोडकं मराठी मात्र चोवीस तास कानावर पडू लागलं. आईची भाषा मला आली नाही, तिचा हेल तेवढा आला.

ळ आणि ण मी मैत्रिणींकडून शिकले. लगोरी खेळताना 'ळ' चुकला की डाव जायचा, असा आमच्या गल्लीने माझ्यासाठी खास नियमच काढला होता! श आणि स मात्र घोटून घोटून पाठ केले. घोटलेली गोष्ट ऐनवेळी दगा देते, हे परीक्षेला बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. २००३ साली माझं लग्न झालं. मांडवात उखाण्याचा आग्रह झाला. स चा श होऊ नये आणि श चा स होऊ नये, या धास्तीत मी भर मांडवात 'सासूबाईं'ना 'शाशूबाई' करून टाकलं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या सासूबाई मोठ्या मनाच्या. पुढे त्या स्वतःच फोनवर "शाशूबाई बोलतेय" म्हणायच्या. पण प्रत्येकीला अशी सासू मिळतेच असं नाही.

हेल कुठून येतो, याचं मला नेहमीच कुतूहल. या विषयाचं जमेल तेवढं वाचते. २००९ साली जर्मन आणि फ्रेंच तान्ह्या बाळांच्या रडण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जन्मून दोन-चार दिवसच झालेली तीस-तीस बाळं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर वर चढत जाणारा, जर्मन बाळांचा उतरत येणारा, अगदी त्यांच्या त्यांच्या आयांच्या बोलण्यासारखा! म्हणजे शब्द यायच्या कितीतरी आधी, पोटात असतानाच, आपण आईचा सूर ऐकत असतो. पुढे मूल गल्लीतल्या पोरांसारखं बोलायला लागतं हे खरं, पण बारीकसारीक खाचाखोचा घरातूनच येतात. त्यामुळे माझ्यासारख्यांचं बोलणं धड इकडचं वाटत नाही, धड तिकडचं वाटत नाही. माझ्या वाक्याचा शेवट थोडा वर उचलला जातो. 'चिंच' म्हणताना पहिला च आजही आईचा येतो. एवढंच उरलंय, पण तेवढ्यावर लोक बेळगाव ते नागपूर फिरून येतात.

या फिरण्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. 'कुठल्या ओ?' या प्रश्नाला मी कधी "आई नेपाळची" असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. "हो का? वाटत नाही हो!" ही त्यातल्या त्यात चांगली प्रतिक्रिया. शाळेत असताना मला 'बहादूर', 'कांछी' म्हणून हाका मारायचे. सिनेमातला नेपाळी पहारेकरी 'शाबजी' म्हणतो ना, तेही ऐकवायचे. माझी आई तर उलट श चा स करते, म्हणजे ज्याने कुणी ती नक्कल काढली त्याने आमच्यासारख्या घरात कधी कान दिलाच नसावा. मी सातवीत असताना आईला सांगितलं होतं, "पालकसभेला तू येऊ नकोस, अण्णांना पाठव." ती नाही आली. नंतरही कधी आली नाही. दहावीच्या सत्कारालासुद्धा घरीच थांबली. मी बोलवायचं विसरले होते आणि तिने आठवण करून दिली नाही.

मैत्रिणींनो, हेलालाही जात असते, वर्ग असतो. जवळच्या फलटणचंच उदाहरण घ्या. कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन. लग्न करून इकडे आल्या आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणाचा पाया त्यांनी भारतात घातला. त्यांच्या नावाची शाळा फलटणला आहे. ती उभी केली मॅक्सीन बर्नसन यांनी. त्याही अमेरिकन, फलटणचं मराठी कोण कसं बोलतं याच्याच अभ्यासासाठी १९६०च्या दशकात तिथे आल्या आणि तिथल्याच झाल्या. या दोघींबद्दल मला नितांत आदर आहे. पण गोरी बाई मोडकं मराठी बोलली की आपण सगळे कौतुकाने म्हणतो, "अगंबाई, किती गोड बोलते!" आणि माझी आई 'साला' म्हणाली की आळी हसते. चूक तीच, उच्चार तसाच परका. मग गोडवा कशात आहे, जिभेत की पासपोर्टात?

आणि हे फक्त परदेशातून आलेल्यांचं नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात येतात. त्यांच्या पोरांसाठी साखरशाळेचं काम आम्ही काही वर्षं केलं. 'पानी' म्हणणाऱ्या पोराला 'पाणी' म्हण म्हणून दटावणाऱ्या, एरवी अतिशय मायाळू अशा बाई मी पाहिल्या आहेत. ते पोर पुढे पाणीच मागेनासं होतं. तहान लागली तरी गप्प बसतं! ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याही गावात पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पण ज्या मराठीला दर्जा मिळाला तिच्यात त्या पोराचं 'पानी' धरलंय की नाही, असं मनात आलंच.

आपल्याकडे म्हणतात, बारा कोसांवर भाषा बदलते. आणि मुलगी तर बारा कोस ओलांडूनच द्यायची रीत. म्हणजे परका हेल घेऊन घरात शिरते ती बाईच. वऱ्हाडातली सून साताऱ्यात, खानदेशातली पुण्यात, कोकणातली घाटावर. पहिल्या वर्षी नणंदा नक्कल करतात, दुसऱ्या वर्षी ती गप्प होते, पाचव्या वर्षी ती सासरचं बोलायला लागते आणि माहेरी गेली की तिथे हसतात, "काय गं, घाटी झालीस!" यात आपण सगळ्या कधी ना कधी सापडलेल्या आहोत. नक्कल करणाऱ्यांतही आपणच असतो, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. मीसुद्धा माझ्या कोकणातल्या जावेची नक्कल केलेली आहे. ती हसली होती. आता वाटतं, माझ्या उखाण्यानंतर मी जशी हसले होते तशीच हसली असेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या स्टँडजवळ चायनीजची गाडी चालवणारं एक नेपाळी जोडपं आहे. बायको बाविशीची, पहिलटकरीण. दवाखान्यात नाव नोंदवायला गेली. खिडकीवरच्या माणसाने नाव दोनदा विचारलं, तिने सांगितलं तसं म्हणून दाखवलं आणि रांग हसली. वर तो म्हणाला, "तुमची कागदं तिकडचीच, तिकडंच जा." ती परत आली आणि पुन्हा जायला तयारच होईना. सातवा महिना लागला होता. मला कळलं तेव्हा मी तिच्याकडे गेले. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५०चा मैत्री करार आहे, त्यांना इथे राहायला आणि काम करायला मुभा आहे, हे सगळं मी तिला हिंदीत समजावत होते. ती मान डोलवत होती, पण डोळे रिकामे. मग मी मला येत होतं तेवढं नेपाळी बोलले. "डराउनु पर्दैन, बहिनी. म सँगै जान्छु." घाबरायचं नाही, मी बरोबर येते. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खिडकीपाशी उभ्या राहिलो. नाव मीच सांगितलं, तिच्याच उच्चारात, मोठ्याने. या वेळी कुणी हसलं नाही. मुलगा झाला, आता चांगला पळतो.

हे मला येणारं नेपाळी कुठून आलं, ते सांगायचं राहिलंच. २५ एप्रिल २०१५ला नेपाळात ७.८ रिश्टरचा भूकंप झाला. त्याचा केंद्रबिंदू गोरखा जिल्ह्यातच होता. जवळपास नऊ हजार माणसं गेली. मी मुलीला घेऊन कोरेगावला धावले. आई दोन दिवस फोन हातात घेऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी लागला. आणि माझी आई, जी तीस वर्षं आमच्यासमोर एक शब्द नेपाळी बोलली नव्हती, ती ओरडून, रडून, भरभरून बोलू लागली. तो आवाजही मला अनोळखी होता. ठणठणीत, वरच्या पट्टीतला, हुकूम सोडणारा. मराठी बोलणारी आमची आई हळू बोलते, शब्द चाचपत बोलते. मी समजायचे, तिचा स्वभावच तो. मधूनच एक शब्द यायचा, "भत्कियो, भत्कियो." घर भत्कियो, गोठ भत्कियो. 'घर' कळलं, 'गोठ' म्हणजे गोठा तेही कळलं. नेमका 'भत्कियो'च कळेना. पस्तीस वर्षांची बाई मी, आईच्या माहेरी काय झालंय हे मला तिच्या तोंडून ऐकूनही कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तेव्हा तिने दोन्ही हात वर केले आणि खाली सोडले.

घर पडलं होतं. माणसं वाचली होती.

त्यानंतर मी तिला म्हटलं, मला शिकव. ती आधी हसण्यावारी नेत होती. "आता काय उपयोग?" मी वही घेऊन गेले. मी कोरेगावला गेले की दुपारी जेवणं आवरली की तासभर. लिपी ओळखीची, शब्दही कितीतरी ओळखीचे निघाले. हात, नाक, कान, सात, आठ, भात. काही शब्दांनी मात्र चकवलं. वडिलांना नेपाळीत बुवा म्हणतात, आमच्याकडे बुवा म्हणजे कीर्तनकार! आणि 'मावली' म्हणजे आजोळ. लहानपणी लोणंदला ज्ञानेश्वरांच्या पालखीला आम्ही रेल्वेने जायचो. "माउली, माउली" असा गजर सुरू झाला की आई पदराने डोळे पुसायची. मला वाटायचं, किती भाविक आहे. वहीत तो शब्द लिहिताना तिने सांगितलं, एवढी माणसं एकदम आजोळाचं नाव घेतायत असं वाटायचं तिला. आता ती भाविकही आहे, पण रडू त्याचं नव्हतं.

एकदा दहा रुपयांची नोट काढून तिने मला दाखवली. नोटेवर भाषांची जी पट्टी असते, तिच्यात मराठीच्या अगदी खालच्या ओळीत नेपाळी आहे. १९९२च्या घटनादुरुस्तीने कोकणी आणि मणिपुरीबरोबर नेपाळीही आठव्या अनुसूचीत आली. म्हणजे भारताचीच भाषा की ती, आपल्याच सिक्कीमची, दार्जिलिंगची! आईने ती ओळ कधी शोधली, विचारलं तर म्हणाली, खूप वर्षं झाली. कुणाला सांगितलं नव्हतं.

अंगणवाडीतल्या, शाळेतल्या बाई हे वाचत असतील तर एक विनंती. तुमच्या वर्गात एखादं मूल वेगळ्या बोलीचं आलं तर त्याच्या आईला बोलवा, जरूर बोलवा. पण "घरी तुमच्या भाषेत बोलू नका" हे वाक्य तेवढं तिला सांगू नका. मराठी ते मूल तुमच्याकडून आणि गल्लीतून शिकेलच. लगोरीत डाव जायला लागला की ळसुद्धा येतो, मी अनुभवाने सांगते. त्याच्या आईला एखाद्या शनिवारी वर्गात बसवा, तिच्या भाषेत एक ते दहा म्हणायला सांगा. पोरं हसतील, हसू द्या. तीही हसेल. माझी आई एवढ्या वर्षांत शाळेच्या आत एकदाच आली होती, आणि ती बोलणी खायला.

माझी मुलगी आजीची नक्कल उत्तम करते, आणि आजी तिला टाळी देते. या पोरींचं आमच्यासारखं नाही, बरं आहे.

२०१८च्या दसऱ्याला, तिकडे दसैं म्हणतात, आम्ही तिघी नेपाळला गेलो. मामाने घर पुन्हा बांधलं होतं, वर पत्रे टाकून. कपाळभर तांदळाचा टिळा लावून घेतला. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. तीन वर्षांच्या अभ्यासावर मी तावातावाने नेपाळी बोलत होते. एक म्हातारी बराच वेळ ऐकत होती. मग तिने विचारलं, "नानी, तिम्रो घर कहाँ हो?" पोरी, तुझं घर कुठलं गं? मी म्हटलं, इथलंच, ही माझी आई. तिला पटलं नाही. बोलणं इकडचं वाटत नाही, असं काहीसं म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला घशाला कोरड पडली, म्हणून मी पाणी मागितलं. 'ण' अगदी खणखणीत, शाळेत घोटून घेतलेला. सगळ्या खो-खो हसल्या.

आई चुलीपाशी बसली होती. तिथूनच ओरडली, "पानी गं, पानी!"